आप्त कोण?

2022 च्या जून महिन्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेनऊ झाले होते. बाहेर पहिल्या पावसाची भुरभुर होती आणि माझ्या फोनवर निरोप आला. मागच्या महिन्याचं बिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्यांशी बोला. खाली नंबर. त्या निरोपात ‘वीज’ हा शब्द ऱ्हस्व लिहिला होता आणि ‘खंडित’मधली वेलांटी दीर्घ होती. दोन्ही चुका मला वाचताक्षणी दिसल्या. तरीही मी त्या नंबरवर फोन लावला.

बिल मी भरलेलं होतं. पावती टेबलाच्या खणात होती. पलीकडचा माणूस मराठीतच बोलला, नम्रपणे, मला ‘काका’ म्हणत. नोंद दुरुस्त करायची तर एक अ‍ॅप उतरवून घ्या म्हणाला, मग फक्त दहा रुपये पाठवा म्हणाला. मी फोन ठेवला तोवर खात्यातून 18,400 रुपये गेले होते. नातीने लगेच सायबर गुन्ह्यांच्या 1930 या नंबरवर तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. पैसे परत आले नाहीत.

पैसे गेल्याचं दुःख मोठं होतं, पण त्याहून एक गोष्ट मला आत टोचत राहिली. मी वाईतल्या एका छापखान्यात वयाच्या सतराव्या वर्षी लागलो. आधी खिळेजुळारी होतो, खिळे गेले तेव्हा मुद्रितशोधक झालो. चाळीसहून अधिक वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. मग चुका समोर दिसत असताना मी त्या निरोपावर विश्वास का ठेवला?

याचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही. हळूहळू सुचत गेलं. आमच्या पिढीला वाटतं की लिहिलेलं आहे म्हणजे त्यामागे कुणीतरी उभं आहे. हा समज खुळा नव्हता. मी स्वतः शेकडो पुस्तकांच्या दुसऱ्या पानावरची ती ओळ जुळवली आहे: हे पुस्तक अमक्यांनी अमक्या छापखान्यात छापून अमक्या ठिकाणी प्रसिद्ध केलं. 1867 च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि गाव छापणं बंधनकारक होतं. त्या एका ओळीवर मालकांचा सगळ्यांत जास्त डोळा असे. मजकुरात एखादा काना राहिला तर ते रागावत, पण ती ओळ चुकली तर फर्मा थांबवत. आमच्या धंद्यातली जुनी माणसं जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं नाव घेताना आवाज खाली आणत. संस्कृत ग्रंथाची ‘निर्णयसागरची प्रत’ म्हटलं की वाद मिटायचा. आणि आमच्या गावात तर मराठी विश्वकोशाचं काम चालायचं. त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला तेव्हा मी तरणा पोरगा होतो. विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना रस्त्याने जाताना पाहिलं की आम्ही सायकलवरून उतरत असू. विश्वकोशात प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं, आडनाव आधी आणि नाव मागून. अशा गावात वाढलेल्या माणसाला अक्षर दिसलं की मागे माणूस दिसतो.

फोनवरच्या अक्षरामागे माणूस दिसत नाही. तिथे विश्वकोशातलं अक्षर आणि चोराचं अक्षर एकाच वळणाचं, एकाच आकाराचं, एकाच काचेवर उमटतं. छापखान्यात कागद हाताला लागला की कळायचं, हा माल कुठला ते. इथे हाताला काही लागत नाही.

नात पुण्याला शिकते, शनिवारी येते. त्या घटनेनंतरच्या शनिवारी ती म्हणाली, “आबा, फोन बंद करून ठेवायचा नाही. नीट शिकायचं. मी शिकवते.” मी वही घेऊन बसलो.

पहिला धडा पत्त्याचा. प्रत्येक स्थळाला वर एक पत्ता असतो, तो वाचायचा. पण डावीकडून वाचत सुटायचं नाही. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेपाशी यायचं आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचायचं. घराचं खरं नाव तिथे, शेवटी असतं. आधी कितीही ओळखीची नावं जोडलेली असोत, ती कुणीही जोडू शकतो. सरकारी कार्यालयाचा पत्ता असेल तर शेवटी सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. हे मला तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर जमलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि जुळारी ओळ वाचतो ती डोकं खाली, पाय वर अशी. उलटं वाचायची सवय बोटांत शिल्लक होती.

दुसरा धडा कुलपाचा. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की सगळं ठीक, असं मला बँकेत कुणीतरी सांगितलं होतं. नातीने ते खोडून काढलं. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून त्या स्थळापर्यंतच्या वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही. म्हणजे लखोटा लाख लावून बंद केलेला आहे, इतकंच. तो लखोटा चोराच्या घरी चालला असेल तर लाखेचा काय उपयोग?

तिसऱ्या धड्याच्या वेळी ती म्हणाली, “आबा, एक लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. द्यायलाच लागतो. कुणी म्हणालं पैसे मिळवण्यासाठी पिन टाका, तर तिथेच थांबा.” हे वाक्य ऐकताना मला एकदम 1978 साल आठवलं.

त्या वर्षी आमच्याकडे तर्कसंग्रहाची एक छोटी आवृत्ती मराठी विवरणासह छापायला आली होती. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचं हे पुस्तक. न्यायशास्त्राच्या दारात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला सोपं जावं म्हणून लिहिल्याचं ग्रंथकार सुरुवातीलाच सांगतात. नवशिक्यांचं पुस्तक. ते जुळवायला माझ्याकडे आलं. प्रुफं तपासायला एक शास्त्रीबुवा येत, ओसरीवर बसत, आणि मी गॅली घेऊन गेलो की मला सोडत नसत. “काय जुळवलंस ते तुला कळलं का?” असं विचारत. नाही म्हटलं की समजावून सांगत. मी सातवी पास. पण त्या दोन महिन्यांत जे कानावर पडलं ते अजून पुसलं गेलेलं नाही.

त्यात वाक्य केव्हा अर्थ देतं, याची चर्चा आहे. शब्दाला शब्दाची अपेक्षा हवी, शब्द लगोलग उच्चारलेले हवेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध जुळण्याजोगा हवा. या तिसऱ्या अटीला योग्यता म्हणतात. ‘पाण्याने शिंपतो’ हे वाक्य चालतं. ‘अग्नीने शिंपतो’ हे चालत नाही, कारण शिंपणं अग्नीला जमत नाही. व्याकरण बिनचूक, पण वाक्य फुकट. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ हे असंच अग्नीने शिंपणारं वाक्य आहे. शुद्धलेखन मी तपासलं होतं. योग्यता तपासायची राहिली होती.

त्या शनिवारनंतर मी शास्त्रीबुवांचं बोलणं पुन्हा मनात जुळवायला घेतलं. विश्वकोशातल्या नोंदी आता फोनवर फुकट वाचता येतात, त्या वाचल्या. नातीने शोधायला शिकवलं ते असं कामी आलं. आणि माझ्या ध्यानात आलं की इंटरनेट शिकणाऱ्यापुढचा खरा प्रश्न बटणांचा नाही. बटणं आठ दिवसांत येतात. प्रश्न फार जुना आहे आणि तो आपल्याकडे अडीच हजार वर्षं भांडला गेला आहे: जे मी स्वतः पाहिलं नाही, ते दुसऱ्याच्या शब्दावरून मी खरं का मानावं?

चार्वाकांनी साफ सांगितलं की मानूच नये, डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. बौद्धांनी आणि वैशेषिकांनी अनुमान मान्य केलं, पण शब्दाला वेगळं प्रमाण म्हणून जागा दिली नाही. मला ही मंडळी आदरणीय वाटतात, पण त्यांच्या वाटेने संसार होत नाही. माझी जन्मतारीखसुद्धा मी आईच्या शब्दावरच मानतो. डॉक्टरांची गोळी मी शब्दावर गिळतो. शब्दावर विश्वास ठेवायचाच नाही असं ठरवलं तर माणूस त्या दिवशी उपाशी झोपेल.

मीमांसकांचा विचार फार वेगळा. ते म्हणतात, शब्दात मुळात दोष नसतो. दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे, त्याच्या अज्ञानामुळे, लोभामुळे, कपटामुळे. मग ज्या शब्दाला बोलणारा कर्ताच नाही, त्यात दोष येणार कुठून? वेद अपौरुषेय आहेत, म्हणून निर्दोष. ओसरीवर हे ऐकलं तेव्हा मला ते भव्य वाटलं होतं आणि आजही त्यातली ताकद मला जाणवते. पण फोन हातात घेतल्यावर त्याची भीतीही वाटू लागली. कारण आज आमच्या आळीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे निरोप फिरतात, त्यांनाही कर्ता नसतो. कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कशावरून लिहिलं, काही नाही. आणि नेमकं त्यामुळेच ते खरे वाटतात. शेजाऱ्याने तोंडाने सांगितलं असतं तर आपण म्हटलं असतं, त्याचं काय ऐकता. पण निनावी निरोप आला की तो जणू आकाशातून आला. कर्ता नसणं हा ज्या एका ग्रंथाचा अधिकार मानला गेला, तो अधिकार आपण नकळत प्रत्येक पुढे ढकललेल्या मजकुराला देऊन बसलो आहोत.

नैयायिकांनी मीमांसकांचं म्हणणं मानलं नाही. शब्दाची किंमत बोलणाऱ्यावरून ठरते, म्हणून शब्द प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा, असं ते म्हणतात. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, विश्वासाला पात्र माणूस. वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरच्या भाष्यात आप्ताची खूण सांगितली आहे, आणि ती ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. हे शास्त्रीबुवांनी सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. जातीवरून, भाषेवरून, टिळ्यावरून आप्त ठरत नाही, हे इतक्या जुन्या काळी कुणीतरी लिहून ठेवलं.

मग कशावरून ठरतं? तीन गोष्टींवरून. त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी. त्याच्या ठिकाणी भूतदया असावी. आणि जे जसं आहे तसं सांगण्याची इच्छा असावी. या तिन्ही लागतात. एकही कमी चालत नाही.

भूतदयेवर मी अडलो होतो. खरंखोटं ठरवताना दयेचा काय संबंध, असं तरुणपणी वाटायचं. आता वाटत नाही. त्या रात्रीच्या निरोपात ‘साडेनऊ’ हा आकडा होता, तोच मला आधी दिसायला हवा होता. ज्याला माझं भलं हवं आहे तो मला असा पाऊण तासात कोंडत नाही. तो म्हणतो, सावकाश बघा, घरच्यांना विचारा. घाई करणारा शब्द कितीही गोड असो, त्यात दया नसते. ही एक खूण नवशिक्याला पुरेशी आहे. पत्ता वाचता येत नसला, कुलूप कळत नसलं, तरी कुणी आपल्याला घाई करतंय हे कुणालाही कळतं.

पण दया असली म्हणजे झालं का? नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे निरोप त्या दिवसांत फोनवर फिरत होते. बाजाराच्या दिवशी या पाच जणांवर संशय घेतला गेला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्यांना मारलं गेलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जेवलो नाही. नाथांचा वारसा सांगणारी माणसं. ज्ञानेश्वरांना गुरुपरंपरा मिळाली ती याच नाथपंथातून.

मी वारंवार विचार करतो की तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात काय असेल. मला वाटतं, बहुतेकांच्या मनात मुलांची काळजी होती. एखादी आई, एखादा मामा, एखादा मास्तर. दया होती, सांगण्याची इच्छाही होती. नव्हती ती पहिली गोष्ट. त्यांच्यातल्या कुणीही काही पाहिलं नव्हतं. मला लुबाडणाऱ्याला सगळं माहीत होतं, त्याच्यात दया नव्हती. यांच्यात दया होती, माहिती नव्हती. एकाने माझे पैसे नेले. दुसऱ्यांच्या हातून पाच जीव गेले. 2018 च्या त्याच जुलै महिन्यात भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर झाली, आणि पुढे पाठवलेल्या मजकुरावर ‘फॉरवर्ड केलेला’ अशी खूण तर त्याआधीच दिसू लागली होती. हे चांगलंच झालं. पण ती मर्यादा बोटाला आहे.

आता सगळ्यांत अवघड जागा. आप्ताची लक्षणं पाठ झाली, तरी आप्त ओळखायचा कसा? ज्याला विषय माहीत नाही त्याला समोरच्याने खरोखर जाणलं आहे की नाही, हे कसं कळणार? आणि ज्याला विषय माहीत आहे त्याला आप्ताची गरजच काय? मी यावर बरेच दिवस अडकून होतो. न्यायसूत्रांत वेदांच्या प्रामाण्याची चर्चा येते तिथे मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला दिला आहे. जे पडताळून पाहता येतं तिथे एखाद्याचा शब्द खरा ठरला, तर जे पडताळता येत नाही तिथेही त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

मी हे करून पाहिलं. प्रकृतीवर बोलणाऱ्या एका वाहिनीचे व्हिडिओ आमच्या आळीत फार पाहिले जात. ती वाहिनी चालवणाऱ्या माणसाने वाईवरही एक व्हिडिओ केला होता. तो लावला. त्यात आमच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ शिवकालीन असल्याचं ठणकावून सांगितलं होतं. ते देऊळ पेशवाईत सरदार रास्त्यांनी बांधलं, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. म्हणजे या माणसाने न पाहता, न विचारता बोलायची सवय लावून घेतली आहे. मग माझ्या रक्तदाबावर तो बोलतो तेव्हा त्याने काय पाहिलं असेल? नव्याने शिकणाऱ्याला मी हेच सांगतो की आधी तुमच्या गावाबद्दल, तुमच्या धंद्याबद्दल शोधा. शेतकऱ्याने हळदीबद्दल, शिंप्याने कापडाबद्दल. तुमची जमीन आहे तिथे उभं राहून समोरच्याला पारखा.

पण इथे मला शास्त्राशी थोडं भांडायचं आहे. देवळाबद्दल खरं बोलणारा औषधाबद्दल खरं बोलेलच असं नाही. आणि चोर तर आधी दोन खऱ्या गोष्टीच सांगतो. त्या रात्रीच्या माणसाने माझं पूर्ण नाव बरोबर घेतलं होतं. तेव्हा पडताळा खोटा माणूस बाहेर काढायला उपयोगी पडतो, खरा माणूस हाती देईलच असं नाही. आप्तावरचा विश्वास एकदाच देऊन टाकायची वस्तू नव्हे. तो प्रत्येक विषयागणिक नव्याने द्यावा लागतो, आणि मागेही घ्यावा लागतो.

मराठी विकिपीडिया मला आवडू लागला तो याच कारणाने. तिथला मजकूर कुणीही बदलू शकतो हे कळल्यावर मी आधी दचकलो. मग नातीने पानाचा ‘इतिहास’ उघडून दाखवला. कुणी कोणत्या तारखेला कोणता शब्द काढला, कोणता घातला, सगळं एकाखाली एक. मला वाटलं, कुणीतरी आमच्या छापखान्यातली सगळी प्रुफं जपून ठेवली आहेत. आम्ही तर ती रद्दीत घालत असू. तिथे चुका आहेत, भरपूर आहेत, पण चूक कुठून आली ते दिसतं. मी खातं उघडलं आणि पहिली दुरुस्ती केली: ‘निर्मीती’ची ‘निर्मिती’.

फसल्याच्या पुढच्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट सांगतो. गटावर एक निरोप आला, कुठल्याशा पाल्याचा काढा एकवीस दिवस घेतला की साखरेच्या गोळ्या कायमच्या सुटतात. थोड्या वेळाने शेजारच्या वहिनींचा मला वेगळा निरोप आला. “भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. हे खरं आहे का? मग मी उद्यापासून गोळ्या बंद करते.”

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. त्या मला आप्त मानत होत्या. फसल्यानंतर वर्षभर मी आप्त शोधत होतो, पण आपल्यालाच कुणी आप्त मानलं तर काय करायचं याचा विचार मी केलेला नव्हता. तो निरोप मला खोटा वाटत होता. पण ‘वाटणं’ म्हणजे जाणणं नव्हे. मी त्या पाल्यावर काही वाचलेलं नव्हतं, वैद्यक शिकलेलो नव्हतो. एका अक्षराने त्या वहिनींची गोळी चालू राहणार होती किंवा बंद होणार होती.

एकेक अक्षर दाबत मी लिहिलं, “वहिनी, मला माहीत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊ, मी बरोबर येतो.” आणि खाली, सवयीने, माझं नाव आणि गाव.

सकाळी दहा वाजता त्या दारात उभ्या होत्या. फोन पिशवीत घेतला होता, डॉक्टरांना तो निरोप दाखवायला.